सात सेकंदांची ओळ

…आणि वर मलाच विचारतात, 'कॉमेंट कुठे लिहायची यावर एवढं रक्त आटवायची काय गरज?' अहो, गरज! तुम्हाला सांगतो, आम्ही लिफ्टचे प्रोग्राम लिहितो. त्यात मशीनसाठी ओळी असतात, आणि मधूनमधून माणसांसाठी एखादी, तिला कॉमेंट म्हणतात, की बाबा रे, ही खालची ओळ अशी का आहे. मशीन ती वाचत नाही. माणसंही फारशी वाचत नाहीत, ते सोडा… पण निदान डोळ्यांसमोर तर असते! जिथलं तिथं!

माझी एक ओळ होती: दार सात सेकंद उघडं ठेवा. तिच्या डोक्यावरच कॉमेंट: 'कमी करू नये, काठी टेकत येणाऱ्यांना वेळ लागतो.' पण आमच्या साहेबांना कोडमध्ये कॉमेंट म्हणजे घासात खडा! 'अहो, कोड कसा स्वच्छ दिसला पाहिजे! खुलासे सगळे वेगळ्या फाइलमध्ये.' गेले खुलासे. आता ती फाइल कुठे ठेवलीय म्हणाल, तर तेही त्याच फाइलमध्ये लिहिलंय!

मग आली नवी मुलगी. हुशार हो, कामाला वाघ! तिला दिसले नुसते सात. 'सर, कारण काहीच दिसेना, म्हटलं उगाच वेळ जातोय, तीन केले.' तिची काय चूक? औषधाची बाटली या कपाटात आणि तिची चिठ्ठी दुसऱ्या गावात… सांगा, कोण बघणार?

आणि ते तीन सेकंद पोचले कुठे? सगळ्या लिफ्टमध्ये, आमच्या इमारतीतल्याही! चौथ्या मजल्यावर माझी आई. काठी आत टेकते न टेकते तोच दार अंगावर! कुणाला काही बोलली नाही, खाली बागेत जाणंच सोडलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, 'त्या लिफ्टला मी आवडत नाही रे. घाई असते तिला.'

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर ठाण मांडून बसलो. सात परत आले, कॉमेंटही त्यांच्या डोक्यावर बसली. जिथलं तिथं!

आई आता रोज खाली जाते. पण शेजारी चिडले ना! 'दार मिटतच नाही, बिघडलंय!' म्हणून मी लिफ्टच्या दाराशी कागद चिकटवला, सात सेकंद का ते लिहून. तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, 'छे छे, लिफ्ट कशी स्वच्छ दिसली पाहिजे! कागद फलकावर लावलाय, गच्चीच्या जिन्यात.'

आता रोज सकाळी लिफ्टच्या दाराशी मीच उभा असतो, येईल त्याला कारण सांगत. जिथलं तिथं! …फक्त एवढंच, की कॉमेंटचे पाय दुखत नाहीत.