चार तिकिटांची साथ

...नाही, मला एवढंच सांगा, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, मागे शंभर माणसं काठ्या घेऊन लागलीयत, हा धापा टाकत पळतोय, आणि काचेवर वाफ नाही? जरासुद्धा नाही? अहो, माझी हयात गेली चष्म्याच्या दुकानात, 'आता दिसतं का... आणि आता?' असं लोकांना विचारण्यात! त्या साथीत मी निम्मं जग धुक्यातच बघितलंय! आणि हा हिरो बघा, जग संपून तीन वर्षं झाली तरी काच चकाचक, दाढी कोरलेली, शर्टाला कडक इस्त्री. सगळे मेले, इस्त्रीवाला तेवढा वाचला वाटतं! तुम्हाला सांगतो, ह्याला साथ म्हणतात? साथ कशी असते, ते आम्हाला विचारा!

आता तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला? मी कशाला जातोय! तिकिटं चिरंजीवांनी काढलेली. चार! 'बाबा, रविवारी चौघं मिळून पिक्चर बघू, आणि मग आम्ही दोघं तुमच्याकडेच राहायला येतो.' राहायला येतो म्हणाला हो! आमची ही शुक्रवारपासूनच उशांचे अभ्रे बदलायला लागली. काढतेय, घालतेय, परत काढतेय... आणि ऐन वेळी फोन. 'बाबा, ऑफिसचं लचांड निघालंय. तुम्ही दोघं बघून या ना, तिकिटं कशाला फुकट घालवायची?' ह्याच गावात राहतो तो, नदीच्या पलीकडे! सातासमुद्रापार नाही, एका पुलापार! मी म्हटलं, 'काही हरकत नाही.' बापाला हे एक वाक्य पाठच असतं.

तर चार खुर्च्या, आम्ही दोघं. तिसरीवर हिची पर्स, चौथीवर माझी छत्री. माझ्यापुढे हा धिप्पाड गडी बसलेला, मला पडदा अर्धाच. छत्रीला मात्र सगळं स्वच्छ दिसत होतं!

आणि दिसत होतं काय? एक शास्त्रज्ञ बाई येते, केस मोकळे सोडून, आणि घोगऱ्या आवाजात म्हणते, 'आपल्याकडे... फक्त... एक... दिवस... आहे!' अगं मग लवकर बोल ना! त्यातला अर्धा तर हे सांगण्यात गेला! मागे प्रयोगशाळेत दिवे लखलखतायत. हिने मला कोपर मारलं, 'अहो, जग बुडालंय ना? मग वीज कुठून येतेय?' म्हटलं, गप बस, छत्री बघतेय.

त्या हिरोची मुलगी हरवलीय, तो तिला शोधत हिंडतोय, आणि वाटेत भेटेल त्याला बुकलतोय. कशासाठी, तर डबाबंद घेवड्यासाठी! साथीत माणसं एकमेकांच्या उरावर बसतात होय? बसतात, पण घेवड्यासाठी नाही, बाथरूमसाठी! साथ कशी असते, ते आम्हाला विचारा!

आमच्याकडे साथ आली तेव्हा चिरंजीव आणि सूनबाई दोन दिवसांसाठी म्हणून आलेले. एक बॅग, दोन टूथब्रश. आणि धडाधड बंद झालं हो सगळं! बस बंद, पूल बंद, माझं दुकान बंद. दोन दिवसांचे पाहुणे पुरा उन्हाळा राहिले! तोवर आम्हा बापलेकांचं बोलणं किती? 'जेवलास?' 'हो.' 'तब्येत?' 'बरी.' संपलं. आणि आता तोच लेक सकाळी माझ्यासमोर बसलाय, वर टाय, खाली चट्ट्यापट्ट्याची हाफपँट, आणि लॅपटॉपमध्ये साहेबाला सांगतोय, 'येस सर, मी पूर्ण तयारीत आहे सर!' हिला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात पळाली. त्याचे केस मीच कापले. कात्री चष्म्याच्या दुकानातली, न्हावी पण चष्म्याच्या दुकानातला! उजवीकडे दुष्काळ पडलेला, डावीकडे रान माजलेलं. तर हा काय करतो? आरशात बघतो, आणि मला विचारतो, 'बाबा, आता दिसतं का?'

सूनबाईंनी पाव भाजायला घेतला. पहिला पाव असा झाला की, आम्ही तो बाल्कनीचं दार आपटू नये म्हणून दाराला लावला! आणि दुपारचे पत्ते... अहाहा! चार भिडू, एक जोड. फक्त बदामाची राणी हरवलेली. मग सूनबाईंनी हिच्या गोळ्यांचं खोकं कापलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर राणी काढली. चष्मेवाली! म्हणाली, 'बाबा, ही तुमच्या दुकानातली गिऱ्हाईक.' आता गंमत अशी की, मागून त्या पत्त्यावर छापलेलं, 'जेवणानंतर एक'. म्हणजे राणी कुणाकडे आहे ते सगळ्या जगाला दिसतंय! पण तुम्हाला सांगतो, कुणी, एकदाही, दिसल्याचं दाखवलं नाही. मी राणी टाकली की चिरंजीव कपाळाला हात लावणार, 'अरेच्चा! राणी बाबांकडे होती?' रोज! एवढं खोटं माझ्याशी आजवर कुणी इतक्या प्रेमानं बोललेलं नाही.

खालच्या मजल्यावरचे शिंपीमामा गेले त्या साथीत. अख्ख्या इमारतीला उरल्यासुरल्या कापडाचे मास्क शिवून दिलेले त्यांनी, माझ्या मास्कवर गुलाबी फुलं. त्यांना न्यायला गाडी आली, आणि आम्हाला खाली उतरायची बंदी. खिडकीतूनच बघितलं. त्या दिवशी पत्ते निघाले नाहीत. चिरंजीव आला, मला चिकटून बसला, लहानपणी बसायचा तसा. बाहेर माणसं जात होती, आणि मी मनात म्हणत होतो, माझी माणसं माझ्याजवळ आहेत. सुख वाटत होतं हो मला! लाज वाटते सांगायला... पण वाटत होतं.

हां, तर पिक्चर! शेवटी त्या हिरोला मुलीचं घर सापडतं. दार वाजवतो. दार उघडतं. मुलगी म्हणते, 'बाबा... आलात?' आणि पडदा काळा! संपला! बाकीचं म्हणे दुसऱ्या भागात! मी उभा राहून ओरडलो, 'अहो, बसू द्या त्याला जरा! चहा तरी विचारा!' अडीच तास मी कशासाठी बसलो होतो? मारामारीसाठी? ते दोघं समोरासमोर बसून काय बोलतात, तेवढंच ऐकायचं होतं मला!

घरी आलो. हिने कपाटातून पत्ते काढले. म्हटलं, चौघांचा डाव दोघांत कसा? तर म्हणते, 'त्यांचे पण आपणच खेळू.' तेवढ्यात फोन. चिरंजीव! 'बाबा, कसा होता पिक्चर?' म्हटलं, 'छान होता.' आणि तो खोकला.

तुम्हाला सांगतो, माझे कान असे टवकारले! 'खोकला? कधीपासून? अंग गरम आहे? वास येतोय ना? तू असं कर, तिकडे थांबूच नकोस, सूनबाईंना घे आणि तडक इकडे ये, दारं लावून घेऊ, चौदा दिवस... महिनाच धर, हयगय नको!' मागे हिने उशा मांडायलासुद्धा घेतल्या हो!

तर तो हसायला लागला. 'बाबा, चहाचा ठसका लागला.'

ठसका!

म्हटलं, 'काही हरकत नाही.' फोन ठेवला. ही उशी पोटाशी धरून उभी. 'काय म्हणाला?'

म्हटलं, 'काही नाही गं... साथ नाहीये. पिस तू पत्ते.'