दाबली तर मोजायची का?

(दातांचा दवाखाना. शेवटचा पेशंट नुकताच गेलाय. डॉक्टर हात धुताहेत. शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची धाकटी बहीण पेशंटच्या खुर्चीत ऐसपैस पसरलीय.)

डॉक्टर : ...म्हणजे मुख्याध्यापिकांनी आधी नाहीच म्हटलं होतं?

बाई : साफ. विज्ञान प्रदर्शनात जांभया? दिवा लागत नाही, चाक फिरत नाही, मग टेबलावर मांडणार काय? मी म्हटलं, एकाची जांभई बघून दुसऱ्याला येते का, हा चांगला सरळ प्रश्न आहे, आणि माझ्या सातवीतल्या दोन मुलींचा स्वतःचा आहे. तर म्हणाल्या, पालकांसमोर शाळेची शोभा होईल.

डॉक्टर : त्यांचंही बरोबर आहे. शाळेत जांभया काही नवीन नाहीत. तुझ्या तासाला तर...

बाई : दादा, पुढचं ऐकायचंय की घरी जाऊ?

डॉक्टर : बस गं. माझाही वाटा आहे त्यात. आठवडाभर वेटिंग रूम दिली होती त्या दोघींना. त्यातली ती बडबडी, आपली रेडिओ, तर माझ्या पेशंटांच्या मागेच लागायची, काका, आता आली का जांभई? आता?

बाई : तिथंच तर चुकत होतं. विचारलं की माणूस तोंड मिटून घेतो, नाहीतर मुद्दाम देतो. म्हणून दोघींना बसवून समजावलं, विचारायचं नाही, नुसतं बघायचं. एक दिवस ती दुसरी, आपली अबोल गोगलगाय, कोपऱ्यात बसून जांभया देणार, दुसऱ्या दिवशी त्याच जागी नुसती पुस्तक वाचणार. मग फरक बघायचा. गोगलगायीला लगेच पटलं. रेडिओचं तोंड एवढंसं झालं. गप्प बसायचं होतं ना.

डॉक्टर : माझी नावं तुझ्याही तोंडात बसली म्हणायची.

बाई : काय करू, चपखल आहेत. एक बोलायची थांबत नाही, दुसरीचा वर्षभरात मी धड आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टर : तरी दाढ दुखणारा माणूस जांभई कशी देतो, ते मीही नीट पाहिलं नव्हतं. अर्धी येते आणि कळवळून परत जाते.

बाई : ते सगळे त्यांनी वेगळे काढले. म्हणाल्या, त्यांना धरलं तर निकाल बिघडेल. मी सांगितलं नव्हतं हं, त्यांचं त्यांनाच सुचलं. सगळं छान जमलं होतं. आणि आज सकाळी रेडिओच बंद पडला.

डॉक्टर : म्हणजे?

बाई : आवाज बसला तिचा. भाषण पाठ करून करून. तोंड उघडलं की नुसती हवा. ती लागली रडायला, आणि गोगलगाय भिंतीला चिकटली. मी नाही बोलणार, बाई, आपण रद्द करू या. मी एवढं भांडून टेबल मिळवलेलं, आणि त्याच्यामागे एक रडतेय, एक भिंत सोडत नाहीय.

डॉक्टर : मग तू बोलायचंस की.

बाई : ओठावर आलं होतं रे. पण मग ते माझं झालं असतं. मी गोगलगायीला म्हटलं, भाषण राहू दे. जो येईल त्याला समोर बसव आणि दवाखान्यात केलंस तेच कर.

डॉक्टर : आणि परीक्षक?

बाई : कडक इस्त्रीचे. चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. मॉडेल कुठंय, म्हणाले. हिनं खुर्ची पुढे केली. ते बसले. ही समोर बसली आणि दिली एक सणसणीत जांभई. परीक्षक दगड. हिनं दुसरी दिली. मागे उभ्या असलेल्या दोन आया, शिपाई, शेजारचा पवनचक्कीवाला मुलगा, सगळ्यांचे जबडे उघडले. हे मात्र दात आवळून. हळूहळू नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं...

डॉक्टर : दाबली.

बाई : दाबली. आणि गोगलगाय अगदी शांतपणे मैत्रिणीकडे वळून विचारते, "दाबली तर मोजायची का?"

डॉक्टर : गोगलगाय नि पोटात पाय.

बाई : परीक्षकांना हसूच फुटलं. हसता हसता राहिलेली जांभईही बाहेर पडली, भली मोठी. आमच्या मुख्याध्यापिका मागेच होत्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण मी पाहिलं.

डॉक्टर : म्हणजे बक्षीस घेऊनच आलात.

बाई : छे. ते पाणी गाळायच्या यंत्राला गेलं. रास्तच होतं, फार मेहनत होती त्या मुलांची. आम्हाला काही नाही.

डॉक्टर : मग आणखी काय राहिलंय सांगायचं?

बाई : परीक्षकांनी उठता उठता विचारलं, हाच विषय का घेतलात? मला वाटत होतं, वर्गात थट्टेथट्टेत सुचला असेल. गोगलगाय म्हणाली, घरी सुचला. तिची आजी आता कुणालाच ओळखत नाही. हिला नाही, हिच्या आईला, म्हणजे पोटच्या लेकीलाही नाही. हाक मारली तरी बघत नाही. एकदा ही आजीसमोर अभ्यास करत बसलेली असताना हिला जांभई आली, तर आजीनंही दिली. हिनं मुद्दाम पुन्हा दिली. आजीनंही पुन्हा दिली.

डॉक्टर : परीक्षक काय म्हणाले?

बाई : उठत होते ते परत खाली बसले. मग मीच विचारलं, आईला सांगितलंस का हे?

डॉक्टर : मग?

बाई : म्हणाली, "हो. आता संध्याकाळी आईपण येऊन बसते. तिघी मिळून देतो."