एकच वर्ष कमी केलं

...आणि वर मलाच विचारतात, ‘ब्योन सर, चूक नेमकी कोणाची?’ अहो, मी एकच वर्ष कमी केलं! एकच! तुम्हाला सांगतो, आमच्या कोरियात पोर जन्माला येतं तेच एक वर्षाचं, हे काय मी ठरवलं? मग सरकारने कायदा केला, आता जगासारखं वय मोजायचं, म्हणजे अख्खा देश एका फटक्यात लहान! मी आपला लोकगीतांचा मास्तर, वीस वर्षं बेटावर जाऊन आज्यांची कांदे लावतानाची गाणी गोळा करतोय, कोणी विचारत नव्हतं, सुखात होतो. तर कुलगुरूंना सुचलं काय? आंतरविद्याशाखीय संशोधन! शब्द उच्चारतानाच दम लागतो, करायचं कधी?

म्हणजे मी, मेंदूचे डॉक्टर मेंग आणि डेटावाले प्यो, तिघांनी मिळून सिद्ध करायचं की गाण्याने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते. टिकतेच हो! आमची मालिम आजी, एका गाण्याची चाळीस कडवी, मध्ये रताळं खात, एक शब्द इकडचा तिकडे नाही! तीनशे आज्यांची वयं लिहून घेतली, नव्या कायद्याने प्रत्येकीचं एक वर्ष कमी केलं. एकच! वही गेली मेंगकडे. त्यांना वाटलं, हा गाण्याबजावण्याचा माणूस, याला काय कळतोय कायदा... केलं एक कमी! मग प्यो. तो बोलतच नाही, नुसतं म्हणतो, ‘डेटा साफ करून घेतो.’ केला साफ! एक वर्ष कमी! अहो, एकोणीस बैठका झाल्या तिघांच्या! बोललो काय? तर लेखावर कोणाचं नाव आधी!

झालं! पंच्याऐंशीची आजी ताडून पाहिली ब्याऐंशीच्या बायकांशी, आणि निकाल काय? गाणाऱ्या आज्या वयाच्या मानाने विसराळू! छापून आलं, टीव्हीवर आलं, नर्सबाईंनी आज्यांच्या बैठकीच्या खोलीत पाटी लावली, ‘गाणे टाळा.’ मी धावलो कुलगुरूंकडे. ‘सर, लेख मागे घेऊ.’ तर म्हणतात, ‘अहो ब्योन, पारितोषिक मिळालंय. आता खरं कशाला उकरताय?’ शेवटी मागे घेणं राहिलं, नुसती दुरुस्ती, ती छापायलाही वर्ष घेतलं. दीड ओळ!

ती दीड ओळ घेऊन गेलो बेटावर. खोलीत चिडीचूप, आज्या नुसते पत्ते आपटतायत. म्हटलं, ‘मालिम आजी, आम्ही तिघांनी तीनदा वर्ष कमी केलं, म्हणून घोळ झाला. गा आता खुशाल!’

‘तिघांनी? मेल्या, टीव्हीवर नवा कायदा बघून मी आधीच एक कमी करून सांगितलं होतं की तुला!’

बघा! याला म्हणतात स्मरणशक्ती! मला हुरूप आला, म्हटलं, होऊन जाऊ दे! आजीने घसा खाकरला. पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्याला... थांबली. शेजारणीकडे बघितलं, शेजारणीने पत्त्यांत मान घातली.

‘वर्षभर तोंडात नाही रे... राहू दे. रताळं खा.’

रताळं खिशात घालून उठलो. परत येऊन प्योला सांगितलं, तर तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा हसला. ‘अरे वा सर! म्हणजे आता त्या खरंच विसरतात?’

एकच वर्ष हो... एकच वर्ष गायल्या नाहीत. पण तुम्हाला सांगतो, आमच्या निष्कर्षात आता एकही चूक राहिलेली नाही.