दारावरचं ‘माझे बाबा’

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या गाड्यांच्या वर्कशॉपात डब्याचं झाकण खणकन पडलं. ते उचलताना यामिनीच्या कानावर शेजारच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं मराठी आलं.

“सिरॅमिक कोटिंग करूनच टाकू. पाच वर्षं रंगाला बघायला नको.”

“बँक तुला दर तीन वर्षांनी हलवते. रंग तरी टिकू दे!”

“आधी दारावरचा ओरखडा घासून काढतील.”

“ओरखडा? लेकीनं खिळ्यानं ‘माझे बाबा’ लिहिलंय. आजवर मराठीत एक अक्षर लिहिलं नव्हतं तिनं.”

“मग वहीत लिहायचं!”

“वही तू कधी बघतोस? रोज निरखतोस ते गाडीचं दार. पोरगी हुशार आहे.”

“घासायला सांगून येतो.”

तो उठून गेला.

यामिनीच्या मांडीवरून नूपुरनं विचारलं, “आई, त्या काकांना मराठी वाचता येत नाही?”