क्रीं... कट्ट!

...आणि वर पुन्हा मलाच म्हणतात, बाला, तू वाकडा चालतोस! अहो, सायकल डावीकडे ओढते, मी उजवीकडे ओढतो, आयुष्यभर आमचं हेच चाललंय, माणूस वाकडा होणार नाही तर काय होणार? माझ्या लग्नाचा फोटो बघा. शेजारी तवमणी ताठ उभी, आणि मी? कुणीतरी बाजूने ढकलल्यासारखा! तिच्या माहेरच्यांनी हळूच विचारलं होतं, जावई ताडी घेऊन बोहल्यावर चढले होते का? ताडी नाही हो... सायकल घेऊन आलो होतो!

तुम्हाला सांगतो, सायकली काय जाफन्यात कमी आहेत? म्हातारे तर रोज सकाळी देव पुसावेत तशा सायकली पुसतात. पण आमच्या सायकलीसारखी बोंबलणारी दुसरी दाखवा. पायडल मारलं की क्रीं... आणि मग कट्ट! क्रीं... कट्ट! आता मी वीज खात्याचा माणूस, दारोदार मीटर वाचत फिरणारा. मी गल्लीच्या तोंडाशी असतो तेव्हा आवाज गल्लीच्या शेवटाला पोचलेला असतो. तारेवर आकडे टाकलेले लोक आकडे उतरवून, तोंड धुऊन, कपाळाला भस्म फासून दारात हजर! "या, या, बाला सार, उन्हाचे कुठे फिरता, ताक घ्या." मी ताक पितो आणि निघतो. काय करणार?

घरी येऊन अम्माला सांगावं, अम्मा, सायकल दुरुस्तीला टाकतो... की अम्मा शेवग्याची पानं निवडता निवडता, मानसुद्धा वर न करता, "सायकलला काही झालेलं नाही!"

झालं! विषय संपला!

ही सायकल अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पेट्रोल मिळत नव्हतं त्या लढाईच्या वर्षांची गोष्ट. सगळा मुलूख घरं सोडून निघाला, आम्हीही निघालो. अम्मा म्हणाली, शिलाई मशीन सोडून मी येणार नाही. अप्पांनी मशीन सायकलला डावीकडून बांधलं. आता उजवीकडे तोलाला काय? घरात तेवढं जड काही उरलंच नव्हतं, म्हणून उजवीकडे मला बांधलं! मी असा काडीपैलवान, मशीन ओतीव लोखंडाचं. फ्रेम डावीकडे वाकली ती त्या वाटेवर. ओरडायला लागली तीही तेव्हाच.

पुढे आम्ही परतलो. एका सकाळी अप्पा मीठ आणतो म्हणून सायकल घेऊन गेले, आणि... सायकल परत आली. शेजारचे नडराजा हाताने ढकलत घेऊन आले. खाडीच्या लष्करी नाक्यापाशी ताडाला टेकवून ठेवली होती म्हणाले. चाकांत हवा होती. मागे पिशवी अडकवलेली होती. अप्पा नव्हते. आजतागायत नाहीत. गेले असं कुणी सांगितलं नाही, येतील असंही कुणी सांगितलं नाही. अम्मा रोज कुंकू लावते, गळ्यात थाली, म्हणजे आमचं मंगळसूत्र, आहे. आमच्याकडे अशा बायका पुष्कळ, त्यांना कुणी काही विचारत नाही. मी तरी काय विचारू? वर्षश्राद्ध घालू का? कुठल्या तिथीला घालू?

...तर सांगत काय होतो? हां, सायकल! ओरडते ती ओरडते कुठून? हे शोधायला सगळं गाव तज्ज्ञ. एक म्हणाला पायडल, पायडल बदललं. क्रीं... कट्ट! दुसरा म्हणाला साखळी, तिसरा म्हणाला सीटची स्प्रिंग, चौथा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, सायकल बिचारी काय करेल! सगळं बदललं हो, पोट सोडून. क्रीं... कट्ट! आणि अम्मा? "मी म्हटलं होतं ना, सायकलला काही झालेलं नाही!"

मग खाडीच्या पुलावर, मागून भोंगा वाजवत बस येतेय आणि माझी सीट एकाएकी खचली. मी कठड्याला भिडलो, बसचा ड्रायव्हर माझ्या पूर्वजांना! सायकल ढकलत नेली ती थेट कंदय्या मिस्त्रीच्या दुकानात. हा कंदय्या म्हणजे काय सांगू, पाना कमी आणि तोंड जास्त चालवतो. मागच्या चाकाच्या एका बाजूला दोरा बांधला, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणला, सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर बघितलं. इकडे बोट जात नव्हतं, तिकडे मूठ जात होती! मग रंग खरवडला. सीटखाली, जोडापाशी, नळी अर्धी चिरलेली. दाब आला की चीर उघडायची, क्रीं... दाब गेला की मिटायची, कट्ट!

"बाला अण्णै," कंदय्या म्हणाला, "एखाद्या दिवशी वरचे तुम्ही आणि खालची सायकल वेगवेगळ्या गावाला पोचाल."

घरी सांगितलं. अम्मा म्हणाली, "सायकलला काही झालेलं नाही." तेव्हा माझी तवमणी, जी कधी सासूसमोर आवाज चढवत नाही, ती भडकली. "अम्मा, या घरातला एक पुरुष तरी सायकलवरून धड परत येऊ दे!"

अम्मा उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अम्मा मुरुगनच्या देवळात गेली तशी मी सायकल पळवली. चोरासारखी, स्वतःच्या घरातून! कंदय्याने पहार घालून फ्रेम सरळ केली, चीर तापवून पितळेचा डाख भरला. बसलो, पायडल मारलं... काही नाही! आवाज नाही! सायकल सरळ, पण मला सवय उजवीकडे रेटायची, तो मी थेट मासळीवालीच्या टोपलीत! उठलो, कोळंबी झटकली, कामावर गेलो. त्या दिवशी गल्लीभर आकडे लटकलेले सापडले हो! लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जसा मीच चोर. ताक? पाणीसुद्धा नाही!

आणि संध्याकाळी घरी आलो. अम्मा पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तरी ती वळणाकडेच बघतेय.

तुम्हाला सांगतो, रोज मी वळणावर आलो की अम्मा उठायची. पदराने तोंड पुसायची, कुंकू सारखं करायची, फाटकाशी यायची. मला वाटायचं, काय माया आहे म्हातारीची लेकावर! उलट मीच ओरडायचो, गुडघे दुखतात तर उठतेस कशाला? अहो, लेकासाठी कोण कुंकू सारखं करतं? एवढी वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही! वळणापासून फाटकापर्यंत रोज अप्पा येत होते. फाटकात उतरत होतो मी.

"अम्मा, आलो."

"हं. आवाज नाही आला."

बस्स. ना राग, ना रडणं. त्यानंतर पायरीवरून उठणंच सोडलं. आवडीचा तांदळाचा पिट्टू ताटात तसाच. तवमणी मला कोपऱ्यात घेऊन म्हणते, "मी बोलले ते तुम्ही मनावर कशाला घेतलंत?" घ्या! आता काय बोलू? अप्पांना एकदा कुणी नेलं ते देवाला ठाऊक, दुसऱ्यांदा मीच घालवलं, पक्का डाख मारून!

गेलो कंदय्याकडे. म्हटलं, आवाज परत घाल.

"अण्णै, लोक बिघाड काढायला येतात. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू घाल."

त्याने सीटखाली पत्र्याची चकती सैल बसवली. वळणावरून वाजवत आलो. अम्मा पायरीवरून म्हणते कशी, "ही तर डबा वाजवणारी सायकल!" मग चामडं घातलं. "हा बारीक. ते दमून, जड पायडल मारत यायचे." हँडल डावीकडे ओढेल असं केलं, तर मी थेट गटारात. अम्मा म्हणाली, "ते कधी पडले नाहीत." आता कामावरून सुटलो की मी आणि कंदय्या, दोघं चाळिशीतले बाप्ये, वळणापासून फाटकापर्यंत फेऱ्या मारतोय, आणि अम्मा डोळे मिटून ऐकतेय!

काल चमत्कार झाला. अम्मा अर्धी उठली हो! हात कपाळापाशी गेला, माझं पायडल थांबलं... आणि ती परत बसली.

"क्रीं जमलंय, राजा. कट्ट अजून त्यांचा नाही."

जमेल, कट्टही जमेल. कंदय्या आज रबर लावून बघणार आहे. मग ती पुरती उठेल, कुंकू सारखं करेल, फाटकाशी येईल... आणि उतरणार मीच! त्यावर मात्र कंदय्याकडेही इलाज नाही.