शिंप्याची पँट

—छे छे, त्या कोटाला मी हातसुद्धा लावणार नाही, वकीलसाहेब. घालूनच उभे राहा, तेवढीच माझी करमणूक. कुणी शिवला? चौकातल्या त्या नव्यानं? तरीच! डावा खांदा उजव्याच्या कानात काहीतरी चुगली करायला निघालाय. आणि हा घालून तुम्ही कोर्टात उभे राहता? न्यायाधीशांना कळत तरी असेल का, माणूस वाकडा की बाजू वाकडी? कापड माझ्याकडं होतं, साहेब. मी तिकडं इस्पितळात आडवा, आणि तुम्ही इथून कापड परत नेलंत. काय म्हणालात हो माझ्या बायकोला? ‘उगाच अडकून पडायला नको.’ म्हणजे कापड! शिंपी काय, तो सुटणारच होता—अहो, उठता कशाला? राग कसला? बसा. कॅन्सरनं नाही नेलं मला, तुमच्या कोटानं काय होणार!

औषध म्हणजे कसलं ते—एक थेंब फरशीवर सांडला तर फरशीचं नक्षीकाम पुसलं गेलं. खोटं वाटतं? नर्सला विचारा. तिनं वर चटई टाकली होती. ते बाटल्याच्या बाटल्या माझ्या अंगात! केस गेले, भुवया गेल्या, जीभ अशी की पाणी प्यालं तरी पत्रा चाटल्यासारखं. बोटं बधिर. सुई टोचली तरी पत्ता नाही, कापडावर लाल डाग दिसला की समजायचं, आपलंच बोट. आणि भेटायला येणारे! एकेकाचा चेहरा असा, जणू मी गेलोय आणि मलाच अजून कुणी कळवलं नाही. पण मी घाबरलो? नाव नको. एक क्षण नाही.

पंधरा दिवसांपूर्वी स्कॅनचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणतो, ‘सध्या कुठं काही दिसत नाही.’ सध्या! मी कोट देताना म्हणतो का, सध्या याला दोन बाह्या आहेत? बायको तिथंच रडली. येताना वाटेत दुकानात शिरली आणि हे कापड घेऊन आली. माझ्या पँटसाठी. रोज ती टेबलावर ठेवते, रोज मी उचलून फळीवर टाकतो. वेळ नाही हो, कामं पडलीत. ही अंगातली? बघताय काय, बटण लागत नाही, पट्ट्यावर भागवतोय. वजन वाढलंय ना.

उसवून सैल का नाही केली? वकील ना तुम्ही, नको तिथंच बोट घालणार. उसवायला शिवणीच्या आत माया लागते, साहेब. जादा कापड. माणूस वाळला की कपडा आत घ्यायचा, पण माया आत दुमडून ठेवायची. का? माणूस परत भरतो. तीस वर्षं झाली, खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या कपड्यातलीसुद्धा माया मी कधी कापली नाही. अपशकुन म्हणून नव्हे, धंद्याची रीत म्हणून.

या पँटची कापली. औषधं चालू होती तेव्हा. पार शिवणीपर्यंत. बायकोला म्हटलं, रुतते गं आतून. तिनं चिंध्या झाडून भरल्या. शिंप्याची बायको ती, तिला काय सांगायचं राहतं? तुम्ही निदान कापड तरी वाचवायला आला होतात. मी तर—

काय? नाही, रडत नाही, भुवया नाहीत ना, घाम थेट डोळ्यात उतरतो.

असं बघू नका. काम करा काहीतरी. ही टेप धरा, कंबरेभोवती घाला. स्वतःचं माप स्वतः घेतलं की शिंपी पोट आत ओढतो. अहो, माप घेताय की फाशी देताय? सैल सोडा. हं, किती? ऐकू येत नाही, कोर्टात बोलता तसं बोला.

…परत सांगा.

आणि वर चार बोटं माया. नाही, पाच. हसता काय? निघा आता, समोरून सरका, उजेड अडवताय. मला कापड बेतायचंय.