नानांची आगारी

हसायचं तर हसा, पण हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. चाळीसगावकडच्या एका खेड्यात मी शुगर तपासायला जायचे. तिथले नाना दरवेळी म्हणायचे, “ताई, मरनू का मंग गोड सोडसू.” म्हणजे गोड सुटणार ते मेल्यावरच!

नाना गेले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पितरांची आगारी म्हणून पुरणाच्या मांड्याचा घास निखाऱ्यावर ठेवला, तूप सोडलं. निखारे लालभडक, पण घास पेटेना. धूरसुद्धा नाही.

शेवटी अक्कांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा टाकला. तो भपकन पेटला.

अक्का माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “तुमना नाना सबदना पक्का शेतस.”

थोरल्या मुलालाही शुगर आहे. त्यानं मांड्यांचं ताट हळूच बाजूला सारलं. “माय, माले बी भाकरच दे.”